चौदाव्या रॅकवरची अठरा खोकी

"मॅडम, बाकी काय काढायचं ते काढा. ह्या खोक्यांना तेवढा हात लावू नका."

गव्हाणेकाका चौदाव्या रॅकसमोर उभे होते. उभे म्हणजे अगदी वाट अडवून. हातात गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा, कानावर पेन्सिल, आणि त्यांच्या मागे खालच्या फळीवर खाकी पट्ट्या लावलेली अठरा खोकी.

"काय आहे त्यात?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बुचं."

मोटारीच्या दारात वायरी जिथून शिरतात त्या भोकात एक रबरी बूच बसवतात. अंगठ्याएवढं असतं. कागदावर त्याला भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण गोदामात सगळे बूचच म्हणायचे. भोसरीतली आमची कंपनी दारं जुळवायची आणि चाकणच्या एका बड्या मोटार कंपनीला दर दोन तासांनी टेम्पो भरून पाठवायची. बूच नसलं तर दार पुरं होत नाही, आणि दार नसलं तर तिकडची लाइन थांबते. आमच्या धंद्यात लाइन थांबवण्याएवढं मोठं पाप नव्हतं.

"काका, बुचं रोज येऊ शकतात. निमवाडी इथून तासाभरावर आहे. मग सहा दिवसांची बुचं साठवून तुम्ही त्यांच्यावर धनावर नाग बसावा तसे का बसलाय?"

"कारण हाय."

"काय?"

"ते सांगता येत न्हाई. पण हाय."

मी हातातला फॉर्म त्यांना दाखवला. "ह्यात 'कारण' असा रकाना आहे. 'पण हाय' असा नाही."

"मंग घाला की एक," काका म्हणाले.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, अकोल्याहून आलेली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. करंदीकर साहेबांनी पहिल्याच दिवशी बोलावून सांगितलं होतं, "मिस काळमेघ, गोदामात अकरा दिवसांचा माल पडून आहे. पडून राहिलेला माल म्हणजे पडून राहिलेला पैसा. सप्टेंबरअखेर सगळं तीन दिवसांच्या आत आणा. आणलंत, तर तुमचं कायमचं पत्र माझ्या सहीनं निघेल. नाही आणलंत, तर अकोल्याची गाडी आहेच." शेवटचं ते हसून म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही.

मी कामाला लागले. नवी सून माळा आवरायला काढते तो उत्साह माझ्या अंगात होता. चारशे बारा वस्तूंची यादी केली. कुठली कधी येते, कधी लागते, किती दिवस नुसती धूळ खाते, सगळं मांडलं. स्क्रू, बिजागऱ्या, काचेच्या पट्ट्या, एकेक ताळ्यावर आणत गेले. गव्हाणेकाकांनी कशालाच विरोध केला नाही. उलट कुठल्या कोपऱ्यात काय दडलंय ते स्वतःच दाखवत होते. छत्तीस वर्षांची नोकरी, त्यातली बावीस ह्याच गोदामात. अडले ते फक्त चौदाव्या रॅकला.

कारण नाही तर साठा नाही, असं म्हणून मी रकाना कोरा सोडला आणि निमवाडीची मागणी सहा दिवस बंद केली. रॅकवरची बुचं वापरून संपली. मग रोज दोन फेऱ्या सुरू केल्या, सकाळी टेम्पो, दुपारी टेम्पो. माल येतो आणि थेट लाइनवर जातो, चौदाव्या रॅकला जेमतेम अर्ध्या दिवसाचा. करंदीकर साहेब एकदा मुद्दाम खाली येऊन ती रिकामी फळी बघून गेले आणि जाताना "शाब्बास" म्हणाले. मी दिवसभर हवेत होते.

काका माझ्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एक वाजला की ते नेहमीसारखे हाक मारायचे, "काळमेघ मॅडम, या. भाकरी गार व्हती." हॉस्टेलच्या मेसची पोळी मी एकदा त्यांना दाखवली होती, तेव्हापासून त्यांच्या डब्यात माझी एक भाकरी जादा असायची. त्या डब्यात चटणीची एक लहानशी स्टीलची डबी असे. आज जवसाची, चार दिवसांनी कारळ्याची, कधी तीळ, कधी शेंगदाणे, एकदा तर भोपळ्याच्या बियांची. प्रत्येकीची चव निराळी, प्रत्येकीचा हात निराळा.

"काकू किती प्रकार करतात हो!" मी एकदा म्हणाले होते.

"ती न्हाई करत."

"मग?"

"येत्यात," काका म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. विकत आणत असतील, असं मी समजले.

श्रावण लागायच्या सुमारास बाबांचा फोन आला. बाबा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. घरी बसायची सवय नसल्यामुळे त्यांना सारखं कुणाला तरी आणायला किंवा सोडायला जायचं असे.

"पंचमीले येतं काय व? मी येतो घ्याले."

"बाबा, मी काय लहान आहे का, घ्यायला यायला? आणि सुट्टी कुठली? मी इथून हलले तर लाइन थांबेल. दिवाळीला येते."

"बरं," बाबा म्हणाले. माझ्या बाबांचं 'बरं' ऐकलं की त्यांना वाईट वाटलंय की नाही, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

पंचमीला आठ दिवस होते तेव्हा गव्हाणेकाका माझ्या टेबलापाशी आले. टोपी काढून हातात घेतली. ती मी त्यांना पहिल्यांदाच काढताना बघत होते.

"मॅडम, चार दिवसांची बुचं आधी मागवू का? पंचमी झाली की आपोआप खाली येतील."

"काका, महिनाअखेरीचा अहवाल तोंडावर आहे. नेमकं तेव्हाच वाढलेलं दिसेल."

"एवढ्या एका येळंला."

"कारण द्या, लगेच मागवते."

काहीतरी अगदी त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते मला दिसत होतं. मग त्यांनी टोपी घातली. "मंग मला चार दिवस रजा द्या. मंगळवारपासून."

मी रजेचं रजिस्टर उघडलं. तीन वर्षांत एक दिवसही नाही. "गावाला का?"

"हां. तिकडंच."

मी सही केली. मनात म्हटलं, रुसलेत. म्हाताऱ्या माणसाचा रुसवा, चार दिवसांत उतरेल.

मंगळवार गेला, पंचमीचा बुधवार गेला. टेम्पो वेळेवर आले, लाइन सुरळीत चालली. बघा काका, काही अडलं का तुमच्या खोक्यांवाचून, असं मी रिकाम्या फळीकडे बघून मनातल्या मनात म्हणूनही घेतलं. गुरुवारी सकाळी तपासणी विभागातला खैरनार माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, निमवाडीची बुचं पास केलीत मी. पण हात वेगळा आहे."

"म्हणजे?"

"साच्यातून निघालं की बुचाच्या कडेला रबराची झालर राहते ना, ती त्या बायका ब्लेडनं काढतात. एका झटक्यात, गोल. आज आलेली बुचं तुकड्यातुकड्यानं कापलीत. मापात आहेत, पण नवख्या माणसाचं काम आहे. आणि एका खोक्यात हे मिळालं."

त्यानं आणून दाखवलं ते बोटाला लावतात त्या चिकटपट्टीचं गुंडाळलेलं टोक होतं.

माझं डोकंच फिरलं. आम्हाला न विचारता काम तिसऱ्या कुणाकडून करून घेणं हा पुरवठादाराचा सर्वांत मोठा गुन्हा. ते सिद्ध झालं की नाव यादीतून कायमचं कटतं. सुलभाताई येळवंड्यांची निमवाडीची शेड अकरा बायकांवर चालायची. कामाला वाघ आणि स्वभावानं सरळ अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी हे करावं? मी कुणाला काही न सांगता अकरा वाजता परतीच्या टेम्पोत पुढे चढून बसले.

ड्रायव्हर मुबारकभाई माझ्याकडे बघून दचकले. "मॅडम, तुम्ही? निमवाडीला?"

"हो. अचानक तपासणी."

त्यानंतर त्यांनी जे काही केलं त्याला तोड नव्हती. चाकणच्या अलीकडे त्यांना चहाची तलफ आली. चाकणच्या पलीकडे चाकात हवा बघावीशी वाटली. पुढे एका ठिकाणी ते उतरून रस्त्याच्या कडेच्या बाईकडून काकड्या घ्यायला लागले.

"मुबारकभाई, तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा," मी शेवटी म्हणाले.

"मला? मी नुसता ड्रायव्हर माणूस," असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर एक काकडी धरली.

शेडचं दार पुढे लोटलेलं होतं. आतून रेडिओ ऐकू येत होता. मी दार ढकललं.

अकरा लाकडी स्टुलं भिंतीला ओळीनं लावलेली होती. सगळी रिकामी. मधोमध सतरंजी अंथरलेली, तिच्यावर काळ्या बुचांचा ढीग, आणि ढिगाभोवती चारजण मांडी घालून बसलेले. सुलभाताई. त्यांचे शाळामास्तर नवरे. हिरव्या लुगड्यातली एक सावळी, ठेंगणी बाई. आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेले गव्हाणेकाका, एका हातात ब्लेड, दुसऱ्या हातात बूच. डाव्या हाताच्या चार बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

मास्तरांनी रेडिओ बंद केला.

"हे काय, काका?" माझा आवाज चिरका आला. "तुम्ही रजेवर आहात ना?"

"रजेवरच हाय की."

"ह्यांच्या बायका कुठे आहेत?"

सुलभाताई उठल्या. चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, माझी चूक आहे. काकांचा काही संबंध नाही. काय करायची ती कारवाई माझ्यावर करा."

"ताई, बसा खाली," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "बायका माहेरी गेल्यात. पंचमीला."

"सगळ्या?"

"सगळ्या एकदम जात्यात, एकदम येत्यात. एक जरी मागं ऱ्हायली तरी तिच्या डोक्यावर दहाजणींचं काम. तिला आत न बाहेर. म्हणून ताईंनी शेडच बंद ठेवायची रीत पाडली. पंचमीला चार दिस, भाऊबीजेला चार दिस. एरवी वरीसभर त्या बायका कदी खाडा करत न्हाईत."

"आणि ते चार दिवस माझ्या खोक्यांवर चालायचे," मी म्हणाले. 'माझ्या' म्हणाले आणि जीभ चावली.

"अठरा खोक्यांवर. धा वर्षं."

"मग हे सांगायला काय झालं होतं? मी महिन्यापूर्वी विचारलं, मागच्या आठवड्यात विचारलं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही रकान्यात काय लिवलं असतं?"

काय लिहिलं असतं ते मला ठाऊक होतं. 'पुरवठादार वर्षातून आठ दिवस पूर्ण बंद. धोका. पर्यायी पुरवठादार शोधावा.' मी प्रामाणिकपणे तेच लिहिलं असतं, आणि करंदीकर साहेबांनी प्रामाणिकपणे त्याच्यावर सही केली असती.

"पण मग फक्त पंचमीपुरता साठवायचा. वर्षभर कशाला?"

"एकदम वाढला की साहेब इचारतात, का वाढला. कायम असला की कुणीबी इचारत न्हाई." काका थोडंसं हसले. "तुम्ही पयल्याच इचारणाऱ्या."

मग सुलभाताईंनी सगळं सांगितलं. मी साठा अर्ध्या दिवसावर आणल्यापासून त्यांना साच्यावाल्याकडून कच्ची, झालर न काढलेली बुचंही रोजच्या रोज तेवढीच मिळत होती. आधी करून ठेवायची सोयच उरली नव्हती. त्यांनी बायकांना सांगितलं, ह्या वर्षी कुणाला जाता येणार नाही. कुणी भांडलं नाही. अंजना म्हणून एक आहे, तिची आई पारनेरला अंथरुणावर आहे, ती फक्त उठून नळावर तोंड धुऊन आली आणि पुन्हा कामाला बसली. हे मुबारकभाईंनी काकांच्या कानावर घातलं. काका रविवारी इथे आले आणि म्हणाले, बायकांना जाऊ दे, मी बसतो. साच्यावाल्याच्या हातापाया पडून थोडा कच्चा माल जास्तीचा मिळवला, बायकांनी जायच्या आधी जादा बसून दोन दिवसांचं काम उरकलं. उरलेल्या दोन दिवसांचं ह्या चौघांनी अंगावर घेतलं होतं.

माझ्या कागदावर साठा नाहीसा झाला होता. प्रत्यक्षात तो कुठेच गेला नव्हता. तो निमवाडीत ह्या चौघांच्या मांडीवर येऊन पडला होता.

"दुपारचा टेम्पो भरतोय का?" मी विचारलं.

ह्यावर चौघांनी एकमेकांकडे बघितलं. "एक खोकं कमी पडतंय," काका म्हणाले. "आमचा हात चालत न्हाई त्या पोरींवाणी."

एक खोकं कमी म्हणजे चार वाजता आमची दारं थांबणार, सहा वाजता चाकणची लाइन. एक फोन केला असता तर मी नामानिराळी झाले असते. पुरवठादारानं फसवलं, मी पकडलं. माझं पत्र उलट महिनाभर आधी निघालं असतं. मोबाइल माझ्या हातातच होता.

"उभी का पोरी?" हिरव्या लुगड्यातली बाई पहिल्यांदाच बोलली. त्या शेवंताकाकू, काकांची बायको, ज्यांची भाकरी मी तीन महिने खात होते. "बस की. ब्लेड हाय अजून एक. बोटाला पट्टी आधीच लाव, मागनं लावायची पाळी येती."

मी बसले. मुबारकभाईही चपला काढून आत आले आणि माझ्या शेजारी बसले.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. बूच अंगठ्यावर चढवायचं, ब्लेड स्थिर धरायचं आणि बूच फिरवायचं. मी ब्लेड फिरवत होते. पहिली दहा बुचं वाया घालवली. काकूंनी माझा हात धरून शिकवलं. मग हळूहळू ढीग उतरायला लागला.

"काका," मी खाली मान घालून विचारलं, "बायका ह्यांच्या. माहेर त्यांचं. तुम्ही का पण?"

काकूंचं ब्लेड थांबलं. मग काकांनी हातातलं बूच संपवलं, खोक्यात टाकलं आणि दुसरं उचललं.

"आमची मंदा व्हती," ते म्हणाले. "एकुलती. शिरूरकडं दिली व्हती. लग्नानंतरची दुसरी पंचमी. मी मुराळी जाणार व्हतो तिला आणायला. आदल्या दिशी गोदामात नट कमी पडले. साडेतीनशे नट. तवा मोठे साहेब दुसरे व्हते, म्हणले, गव्हाणे, माल येईस्तोर हलायचं न्हाई, लाइन थांबंल. मी निरोप धाडला, पोरी, दिवाळीला नेतो." त्यांनी चष्मा वर सारला. "ती पिशवी भरून दोन दिस दारात बसली व्हती म्हणं. निरोप उशिरा पोचला. दिवाळीच्या आधीच गेली. बाळंतपणात."

रेडिओ बंद होता. बुचं खोक्यात पडल्याचा तेवढा आवाज येत होता.

"नट आले दुसऱ्या दिशी सकाळी," काका म्हणाले. "एवढुसा डबा. मी तो हातात घेऊन बघत बसलो. ह्याच्यापायी? तवापासून मी ठरवलं, माझ्या गोदामापायी कुणाची पोर दारात बसायची न्हाई."

मी रडले. लपवायचा प्रयत्न केला, पण हातात ब्लेड असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. काकूंनीच त्यांच्या पदरानं पुसले आणि म्हणाल्या, "कापून घेशील, बघ हाताकडं."

दुपारचा टेम्पो वीस मिनिटं उशिरा निघाला, पण भरून निघाला. लाइन थांबली नाही. मी फोन करून दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. कारण म्हणून 'घरचं काम' लिहायला सांगितलं. शुक्रवारी आम्ही सकाळी सातपासून बसलो, आणि दुपारपर्यंत माझी झालर एका झटक्यात निघायला लागली होती. शनिवारी अकराजणी परत आल्या. तेव्हा मी तिथे नव्हते.

सोमवारी मी चौदाव्या रॅकचा फॉर्म पुन्हा काढला. साठा सहा दिवस. शेवटी पट्टीनं एक रेघ मारून नवा रकाना आखला, 'पण हाय'.

सप्टेंबरअखेर करंदीकर साहेबांनी अहवाल समोर ठेवला. चारशे अकरा वस्तू तीन दिवसांच्या आत. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय? ऑगस्टमध्ये अर्ध्या दिवसावर होतं. पुन्हा सहा?"

"हो सर. मीच वाढवलं."

"का?"

"कारण आहे, सर. सांगता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मिस काळमेघ, तुमच्या पत्रावर सही करायला मी पेन उघडून बसलोय. एवढ्या एका ओळीचा खुलासा द्या."

"नाही देता येणार, सर. बाकी चारशे अकरांचा देते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. "प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवतो. तोवर ते कारण सांगता येण्यासारखं करा."

अठरा खोकी मात्र काढायला सांगितली नाहीत. ते विसरले, की त्यांनी मुद्दाम सोडली, हे मी नंतर त्यांना कधीच विचारलं नाही.

मी खाली गोदामात गेले. एक वाजून गेला होता. काकांनी डबा उघडून ठेवला होता, पण हात लावला नव्हता. बातमी माझ्याआधी जिना उतरली असणार. त्यांनी चटणीची डबी माझ्याकडे सरकवली.

मी चाखली. लसूण भरपूर, तिखट जाळ. "ही कुठली?"

"पारनेरची. अंजनाच्या आईनं सांगून करून घेतली, पडल्या पडल्या." मग ते बोटांवर मोजत म्हणाले, "जवसाची येती ती जुन्नरची. कारळ्याची पुरंदरची. माहेराहून येताना लेकी शिदोरी आणत्यात ना सासरी, त्यातली मूठमूठ मला देत्यात. अकरा पुड्या. वरीसभर पुरत्यात." त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली. "ह्या खेपेला बारा आल्या. तुमची काकूनं बाटलीत भरून ठेवलीया. त्या पोरींनी आपापल्या पुडीतली चिमूट चिमूट काढून बारावी केली. म्हणल्या, मॅडमला द्या."

मी भाकरीचा तुकडा चटणीला लावला.

"तुमी घरी कदी जाणार?" काकांनी विचारलं.

"आता कसलं, काका. प्रोबेशन वाढलंय. बघू पुढच्या..."

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते रागावले नव्हते. नुसते बघत होते.

"मी हाय की हितं," ते म्हणाले.

मी तिथेच, चौदाव्या रॅकला टेकून, बाबांना फोन लावला.

"येते मी, बाबा. दिवाळीच्या आधीच."

"बरं. कोण्या गाडीनं येतं? स्टँडवर येतो मी."

"स्टँडवर नाही. इथे या. मला घ्यायला."

बाबांचा आवाज बदलला. "काऊन व, बरी हायेस ना?"

"बरी आहे. पण तुम्ही या."

"येतो," बाबा म्हणाले. ह्या वेळी 'बरं' म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते रात्रभराच्या प्रवासानंतर आमच्या गेटवर हजर होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. मला निरोप यायच्या आत गव्हाणेकाकांनी त्यांना गोदामात नेऊन स्टुलावर बसवलं होतं, चहा पाजला होता आणि अकोल्याच्या गाड्या कुठकुठल्या स्टँडवर थांबतात याची चौकशी चालवली होती. निघताना काकांनी चटणीची बाटली बाबांच्या हातात दिली. "हिच्या आईला द्या. सांगा, पुण्याकडच्या लेकींनी धाडली."

चार दिवस मी अकोल्याला होते. लाइन थांबली नाही.